कडी कुठल्या बाजूने?

शनिवार आहे, कालचा बिल्ड हिरवा आहे आणि घरात अजून कुणी उठलेलं नाही. म्हणजे हापिसाशी काडीचाही संबंध नसलेलं काहीतरी लिहायला मुहूर्त उत्तम. गेले काही वीकेंड मी अमेरिकेतल्या मेथॉडिस्ट चर्चचा इतिहास वाचतोय. हसू नका, सांगतो.

आधी डिस्क्लेमर. मी ख्रिस्ती नाही. देवळातसुद्धा आई बरोबर असेल तरच जातो. पण प्रोजेक्टच्या कृपेने नॉर्थ कॅरोलिनात दीड वर्ष काढलंय. तिथे एकाच रस्त्यावर एका चौकात 'युनायटेड मेथॉडिस्ट' अशी पाटी दिसायची आणि पुढच्या चौकात 'ए. एम. ई. झायन'. हेही मेथॉडिस्टच. मूळ पुरुष एक, गाणी बरीचशी तीच, उपासनेची वेळही तीच. रविवारी दुपारी एका दारातून गोरी कुटुंबं बाहेर पडायची आणि दुसऱ्या दारातून काळी. टीममधल्या एका गोऱ्या सहकाऱ्याला, बऱ्यापैकी मैत्री झाल्यावर, मी विचारलं की असं का? तो म्हणाला, "लोकांना आपापल्या माणसांत बरं वाटतं, एवढंच."

वाक्य अगदी निरुपद्रवी. पुण्या-मुंबईत भाड्याने घर शोधलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. आणि ते पूर्ण खोटंही नाही, हीच पंचाईत आहे. परदेशात आपणही मराठी मंडळ शोधत फिरतोच की. म्हणून "वेगळं बसणं चांगलं की वाईट" हा वाद मला निरर्थक वाटतो. मला विचारायचंय ते हे, की त्या खोलीच्या दाराला कडी आतून आहे की बाहेरून? मेथॉडिस्टांच्या इतिहासात दोन्ही कड्या सापडतात, अगदी तारीखवार.

आतल्या कडीपासून सुरू करू. जॉन वेस्ली हा इंग्लंडातला पाद्री, ह्या पंथाचा संस्थापक. गुलामगिरीचा कट्टर विरोधक. १७७४ साली त्याने तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. अमेरिकेतल्या मेथॉडिस्टांनी १७८४ मध्ये बाल्टिमोरला आपलं स्वतंत्र चर्च स्थापन केलं तेव्हा सभासदांनी आपले गुलाम मोकळे करावेत असा नियमही केला. दक्षिणेतून ओरडा झाला आणि वर्षभराच्या आत तो नियम स्थगित! फीचर रिलीज केलं आणि पहिल्याच पॅचमध्ये रोलबॅक.

त्याच सुमाराची फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमधली गोष्ट. रिचर्ड ॲलन नावाचा माणूस, स्वतःच्या कमाईतून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलेला, तिथे प्रवचनं द्यायचा. त्याच्यामुळे काळ्या लोकांची गर्दी वाढली, आणि गर्दी वाढली तशी त्यांना बसायची जागा मागे मागे सरकत गेली. एका रविवारी प्रार्थना चालू असताना ॲब्सलम जोन्स ह्या ॲलनच्या सहकाऱ्याला गुडघे टेकलेल्या अवस्थेतून ओढून उठवायला लागले. "प्रार्थना संपेपर्यंत तरी थांबा" एवढंच त्याचं म्हणणं. प्रार्थना संपली आणि सगळे काळे लोक एकत्र उठून बाहेर पडले. ॲलनने हे साल १७८७ दिलंय, काही इतिहासकार ते १७९२ च्या आसपास नेतात. १७९४ मध्ये ॲलनने एक जुनं लोहारकामाचं दुकान उचलून आणून त्याचं चर्च केलं: बेथेल. गोऱ्या मेथॉडिस्टांनी पुढे कित्येक वर्षं त्या इमारतीवर आणि तिथे प्रवचन कोण देणार ह्यावर हक्क सांगितला. शेवटी १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल, म्हणजे ए. एम. ई. चर्च उभं राहिलं. झायनवाले न्यूयॉर्कचे, त्यांची कहाणी थोडी वेगळी पण वळण तेच.

ह्या लोकांनी दार लावून घेतलं, हो. पण कडी त्यांच्या हातात होती.

आता बाहेरची कडी. गुलामगिरीवरून १८४४ साली मेथॉडिस्ट चर्च फुटलं, उत्तर आणि दक्षिण. निमित्त जॉर्जियाच्या एका बिशपचं, ज्याच्या घरी गुलाम होते. यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली, तरी चर्च फुटलेलंच राहिलं. पुन्हा एक व्हायची बोलणी सुरू झाली तेव्हा अडचण ही, की उत्तरेच्या चर्चमध्ये लाखांनी काळे सभासद होते आणि १९२० पासून दोन काळे बिशपही होते. दक्षिणेच्या गोऱ्यांना भीती वाटायची की उद्या आमच्यावर काळा बिशप आला तर?

तर मंडळींनी (मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला 'मंडळी'च म्हणतात, तेव्हा शब्द चुकलेला नाही) एक डिझाईन काढलं. देशाचे पाच विभाग करायचे, त्यांना म्हणायचं ज्युरिस्डिक्शन. प्रत्येक विभाग आपापले बिशप निवडणार आणि तो बिशप त्याच विभागात काम करणार. पाच विभाग भूगोलाप्रमाणे: ईशान्य, आग्नेय, वगैरे. आणि सहावा? सहाव्याचं नाव सेंट्रल ज्युरिस्डिक्शन. त्याच्या व्याख्येत राज्यांची यादी नव्हती. देशभरातल्या 'निग्रो' परिषदा, एवढीच व्याख्या.

डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हे वाचून शहारा यायला हवा. पाच पार्टिशन्सची की आहे राज्य आणि सहाव्याची की आहे कातडी! शिकागोचं काळं चर्च आणि शेजारच्या गल्लीतलं गोरं चर्च वेगवेगळ्या विभागांत. आणि हे सगळं कुजबुजत नव्हे, अलिखित रिवाज म्हणून नव्हे, तर चर्चच्या घटनेत, कलम घालून.

१९३६ च्या परिषदेत ह्यावर मतदान झालं. उत्तरेच्या चर्चचे ४७ काळे प्रतिनिधी होते. त्यातल्या ३६ जणांनी विरोधात मत दिलं, ११ तटस्थ राहिले. बाजूने एकही नाही. विरोध करणाऱ्यांत मेरी मॅक्लिओड बेथून होत्या, फ्लोरिडात कॉलेज उभं करणाऱ्या आणि पुढे रूझवेल्टच्या सल्लागार म्हणून नाव झालेल्या. योजना अर्थातच मोठ्या बहुमताने मंजूर. मग सभागृह गाणं म्हणायला उभं राहिलं तेव्हा काळे प्रतिनिधी बसून राहिले. काही जण रडत होते. १९३९ मध्ये तिन्ही तुकडे (एक तिसरं छोटं चर्चही होतं) एक होऊन 'द मेथॉडिस्ट चर्च' स्थापन झालं. एकतेचा उत्सव! तीन लाखांहून जास्त माणसं त्या उत्सवात घटनेनेच वेगळी काढली गेली.

आता ह्यातली गुंतागुंत, जी मला सगळ्यात जास्त विचारात पाडते. सेंट्रल ज्युरिस्डिक्शन हा अपमान होता, पण त्या अपमानाच्या आत एक घर तयार झालं. तिथले बिशप काळे, मंडळांचे अध्यक्ष काळे, हिशोब त्यांचे, शिबिरं त्यांची. तीस वर्षांत एक अख्खी पिढी तिथे नेतृत्व करायला शिकली. त्यामुळे "ती भिंत पाडा" म्हणणाऱ्या काळ्या नेत्यांना दोन्ही तोंडांनी बोलावं लागत होतं: पाडा तर नक्की, पण पाडल्यावर आमच्या पाळकांचं काय करणार ते आधी सांगा.

गोऱ्यांचा पहिला उपाय १९५६ चा. घटनादुरुस्ती केली की ज्या काळ्या चर्चला हवं त्याने भौगोलिक विभागात यावं, मात्र देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही बाजूंचं दोन-तृतीयांश मत हवं. म्हणजे ऑप्ट-इन मायग्रेशन, आणि वर रिसीव्हिंग सर्व्हरची परवानगी. जिथे काळी चर्चेस मोजकी होती तिथे हे थोडंफार चाललं. दक्षिणेत, जिथे खरा प्रश्न होता, तिथे कुणी हललं नाही. सेंट्रल ज्युरिस्डिक्शनने १९६० मध्ये स्वतःची पाच जणांची समिती नेमली, जेम्स थॉमस तिचे अध्यक्ष. त्यांनी मुद्दा नेमका पकडला. आमची चर्चेस ह्या रकान्यातून त्या रकान्यात टाकली म्हणजे चर्च सर्वसमावेशक होत नाही, असं त्यांचं म्हणणं. नेमणुका, मंडळं, पगार, पेन्शन ह्या सगळ्यात आमचं स्थान काय ते बोला. थोडक्यात, कडी उघडली एवढ्यावर समाधान मानायला ही माणसं तयार नव्हती.

आणि आता आपल्याकडचा धागा.

मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन. १९६३ च्या जानेवारीत तिथल्या २८ गोऱ्या, बहुतेक तरुण, मेथॉडिस्ट पाळकांनी एक निवेदन काढलं की आमच्या चर्चच्या नियमांत वर्णभेदाला जागा नाही. परिणाम? त्यातल्या बहुतेकांना राज्य सोडावं लागलं. त्याच वर्षी काळे विद्यार्थी गावातल्या गोऱ्या चर्चेसमध्ये उपासनेला जाऊ लागले आणि दारातूनच परत पाठवले जाऊ लागले. गॅलोवे मेमोरियल हे गावातलं प्रतिष्ठित मेथॉडिस्ट चर्च. तिथले पाळक सेला, अठरा वर्षं त्या जागी असलेले, ह्या प्रकारानंतर जूनमध्ये जागा सोडून गेले. ऑक्टोबरपासून पोलीस पायऱ्यांवरच अटक करायला लागले. अपराध काय, तर प्रार्थनेला आलात.

१९६४ च्या ईस्टरला, २९ मार्चला, गॅलोवेच्या दारात दोन पाहुणे उभे राहिले. दोघेही त्याच मेथॉडिस्ट चर्चचे बिशप. एक चार्ल्स गोल्डन, काळे, सेंट्रल ज्युरिस्डिक्शनने निवडलेले. दुसरे जेम्स मॅथ्यूज, गोरे, बॉस्टनचे. दोघांनाही आत घेतलं नाही. आपल्याच चर्चच्या बिशपला ईस्टरच्या दिवशी दारातून परत! मॅथ्यूज एकटे असते तर त्यांचं पायघड्या घालून स्वागत झालं असतं, ह्यात मला तरी शंका नाही.

हे मॅथ्यूज १९३८ मध्ये मिशनरी म्हणून मुंबईला आले होते, तिथल्या बोवेन मेमोरियल चर्चमध्ये काम केलेले. सासरे स्टॅन्ली जोन्स, गांधीजींचे स्नेही. त्यांच्या गांधीजींवरच्या पुस्तकाचा आपल्यावर परिणाम झाला असं मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी त्यांना सांगितलं होतं. मॅथ्यूज ह्यांनी स्वतः कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट केली ती गांधीजींच्या सत्याग्रहावर, १९५७ साली. म्हणजे जॅक्सनच्या त्या पायऱ्यांवर उभा असलेला माणूस काय करतोय हे त्याला पुरेपूर माहीत होतं. पण मला त्यांची आणखी एक गोष्ट जास्त आवडते. १९५६ मध्ये दक्षिण आशियातल्या मेथॉडिस्टांनी त्यांना बिशप म्हणून निवडलं होतं. त्यांनी ते पद नाकारलं. भारतातला बिशप भारतीय असावा म्हणून. आठ वर्षांनी दारात उभं राहिल्यावर फोटो येतात, बातम्या येतात. हातात आलेली खुर्ची सोडताना कुणी टाळ्या वाजवत नाही.

(भारतीय बिशप तोवर नव्हते असं नाही. पहिले जसवंतराव चितांबर, १९३० साली निवडले गेलेले. घराणं मूळचं मराठी ब्राह्मण, जन्म अलाहाबादचा. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.)

असो. भिंत पडली ती अशी. १९६४ च्या पिट्सबर्गच्या परिषदेत ॲस्टर कर्क ह्यांनी दुरुस्ती आणली: मेथॉडिस्ट आणि इव्हँजेलिकल युनायटेड ब्रदरन हे चर्च एक होऊन जे नवं चर्च होणार आहे, त्याच्या घटनेत सहावा विभाग नको. ती मान्य झाली आणि १९६८ मध्ये युनायटेड मेथॉडिस्ट चर्च जन्माला आलं तेव्हा सेंट्रल ज्युरिस्डिक्शन कागदावरून गेलं. जमिनीवरून जायला आणखी वेळ लागला. साऊथ कॅरोलिनात एकाच नावाच्या दोन परिषदा होत्या, गोरी आणि काळी. दोघींचं नाव एकच, मग ओळखायचं कसं? तर कंसात स्थापनेचं साल लिहायचं: १७८५ आणि १८६६. सन १७८५ म्हणजे गोरे, १८६६ म्हणजे काळे. काय सभ्य वर्णभेद! त्या एकत्र आल्या १९७२ मध्ये. मिसिसिपीला १९७३ उजाडलं.

मग झालं का सगळं एक? प्यू संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्टांपैकी ९४ टक्के गोरे होते आणि काळे १ टक्का. कलम रद्द होऊन तेव्हा सेहेचाळीस वर्षं झाली होती.

माझा तो सहकारी इथे म्हणेल, बघ, मी म्हणालो नव्हतो? दार उघडं आहे, लोक येत नाहीत. पण येणाऱ्याने आत कुणाला बघायचं? बिशप निवडायचे विभाग भौगोलिक झाले तसे काळे उमेदवार प्रत्येक ठिकाणी अल्पमतात गेले. लिऑन्टीन केली ह्या १९८४ मध्ये निवडल्या गेलेल्या पहिल्या काळ्या महिला बिशप. त्या व्हर्जिनियाच्या, म्हणजे आग्नेय विभागाच्या. त्यांना निवडलं कुणी? पार दुसऱ्या टोकाच्या पश्चिम विभागाने. स्वतःच्या घरच्यांनी नाही.

आणि तरी ह्या चर्चच्या हातात एक असं हत्यार आहे जे बाकी बऱ्याच पंथांकडे नाही. मेथॉडिस्ट चर्च आपला पाळक स्वतः निवडत नाही. बिशप नेमतो. कलेक्टरची बदली होते तशी पाळकाची बदली होते. नियमावलीत स्पष्ट आहे की नेमणूक करताना वंश, वर्ण, लिंग बघायचं नाही. त्यामुळे मिडवेस्टच्या एखाद्या मक्याच्या शेतांमधल्या गोऱ्या गावात कोरियन पाळक प्रवचन देतोय हे दृश्य तिथे नवलाचं नाही. त्याचे उच्चार, त्याचं इंग्रजी ह्यावर कुरकुर होते, काही जण चर्च बदलतात, काही वर्षांनी त्याच गावात त्याच्या बायकोची किमची जत्रेत विकली जाते. माझ्या मते सर्वसमावेशकतेचं खरं काम हेच. पोस्टरवर चार रंगांचे चेहरे छापणं सोपं आहे. ज्याचं तुम्हाला ऐकावं लागतं, जो तुमच्या आईचे अंत्यसंस्कार करणार आहे, तो माणूस वेगळा असणं अवघड आहे. आणि मला वाटतं उलट्या दिशेने, मोठ्या श्रीमंत गोऱ्या चर्चमध्ये काळा पाळक नेमणं, हे बिशपांनी अजून कितीतरी जास्त करायला हवं. अधिकार त्यांच्याकडे आहे. वापरायचा नसेल तर कशासाठी ठेवलाय?

एक शेवटचा धागा, तो सरळ आपल्या धंद्यातला वाटतो मला. ह्या चर्चचे आज सुमारे निम्मे सभासद अमेरिकेबाहेर आहेत, मुख्यतः आफ्रिकेत आणि फिलिपिन्समध्ये. अमेरिकेबाहेरच्या भागांना अगदी परवापर्यंत नाव होतं 'सेंट्रल कॉन्फरन्स'. पुन्हा सेंट्रल! ह्या लोकांच्या शब्दकोशात 'मध्यवर्ती' म्हणजे कडेचा, असंच दिसतंय. अमेरिका मात्र कुठलीच 'कॉन्फरन्स' नव्हती. ती म्हणजे मूळ चर्च. आपल्या कंपन्यांत 'ग्लोबल टीम' म्हणजे अमेरिका सोडून बाकीचे, तसंच. २०२४ मध्ये चार्लटच्या परिषदेने हे बदलायचं ठरवलं आणि २०२५ मध्ये जगभरच्या वार्षिक परिषदांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं: अमेरिका हाही इतरांसारखाच एक विभाग. मला हे पटतं. आफ्रिकेतल्या काही नेत्यांना नाही पटत. त्यांना ह्यात वेगळी चूल मांडून देण्याचा वास येतो, आणि १९३९ वाचल्यावर त्यांना वेड्यात काढणं मला जमत नाही.

त्या चार्लटच्या परिषदेला आफ्रिकेतले बरेच प्रतिनिधी पोचलेच नव्हते. कुणाला निमंत्रण उशिरा मिळालं, कुणाला व्हिसा नाकारला. आपल्यापैकी ज्यांनी कॉन्सुलेटच्या रांगेत फाईल छातीशी धरून सकाळ काढलीय, त्यांना जास्त सांगायला नको. पुढची परिषद २०२८ मध्ये आहे. आजवरची एकही अमेरिकेबाहेर झालेली नाही, आणि ही पण तिथेच आहे.